उभ्याने पाहिलेल्या नऊ इनिंग

सोहारमध्ये हातात सॉफ्टबॉलचा ग्लव्ह घालून फिरणारी बाई मी एकटीच. माझं माहेर जळगावकडचं, त्यामुळे मला या खेळाचं नवल नाही. आमच्याकडे मुली शाळेपासून खेळतात. मी पिचर, म्हणजे बॉल टाकणारी, होते. विद्यापीठाच्या टीममधून खेळले, त्याच जोरावर पी.टी.ची शिक्षिका झाले, आणि लग्नानंतर ओमानला आल्यावर इथल्या एका इंडियन स्कूलमध्येही तेच काम मिळालं. इथल्या पालकांना क्रिकेट कळतं, फुटबॉल कळतं. माझ्या हातातला मोठा पिवळा बॉल बघून एका आईने विचारलं होतं, "टेनिसचा बॉल सुजलाय का हो?" मी हो म्हटलं. प्रत्येकाला समजावत बसायचा माझा स्वभाव नाही.

थंडीच्या दिवसांत संध्याकाळी मी चार-पाच मुलींना घेऊन समुद्राकाठच्या बागेत सरावाला जायचे. तिथे एक साठी उलटलेले जपानी गृहस्थ रोज झपझप चालत जायचे, मान खाली, कुणाशी बोलणं नाही. एकदा ते चालता चालता थांबले ते थांबलेच. मुलींचा सराव संपेपर्यंत उभे राहिले, मग माझ्यासमोर कमरेत वाकून म्हणाले, "एक्सक्यूज मी. धिस इज बेसबॉल?"

"सॉफ्टबॉल," मी म्हटलं. "सिस्टर ऑफ बेसबॉल."

त्यांनी बॉल मागून घेतला, शिवणीवर बोटं ठेवली आणि परत दिला. बोटं ठेवण्याच्या पद्धतीवरूनच कळलं, की या माणसाच्या घरात कुणीतरी पिचर आहे. तसंच निघालं. मुलगा त्यांच्याकडच्या व्यावसायिक बेसबॉल लीगमध्ये खेळत होता. ते स्वतः अल्युमिनियमच्या कारखान्यात क्रेन बसवून देणाऱ्या जपानी कंपनीचे इंजिनियर होते. माझा नवरा त्याच कारखान्यात इलेक्ट्रिकलला आहे, आणि ते आमच्याच बिल्डिंगमध्ये दोन मजले वर राहत होते. आमच्या घरात त्यांचं नाव जपानीकाका पडलं. नवरा मात्र तोंडावर त्यांना सर म्हणायचा.

मे महिन्यातल्या एका गुरुवारी संध्याकाळी त्यांनी आमची बेल वाजवली. सोफ्याच्या अगदी कडेवर बसले. आणलेला तांदळाच्या कुरकुरीत चकत्यांचा डबा दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला आणि तुटक इंग्रजीत सांगायला लागले. मुलाच्या कोपराचं ऑपरेशन झालं होतं. त्यानंतर तो मुख्य टीमच्या खालच्या, दुसऱ्या टीममध्ये दिवस काढत होता. उद्या बऱ्याच काळाने त्याला मुख्य टीमकडून बॉल टाकायचा होता, आणि तो नीट पडला नाही तर वर्षअखेर करार संपणार, हे त्याला तोंडावर सांगण्यात आलं होतं. त्याने वडिलांना मेसेज केला होता: कदाचित शेवटचं आहे. या वेळी शेवटपर्यंत बघा.

"मग बघा की," मी म्हटलं.

"आय कॅनॉट," ते म्हणाले.

त्यांना खरोखरच बघवत नव्हतं. मुलगा शाळेत असल्यापासून हे असंच. मुलगा अडचणीत आला, बेसवर, म्हणजे रनच्या वाटेवरच्या थांब्यांवर, समोरच्या टीमचे खेळाडू उभे राहिले, की हे उठून बाहेर जात. पूर्वी सिगरेटचं निमित्त होतं. डॉक्टरांनी सिगरेट सोडायला लावली, ती सुटली. बाहेर जाणं सुटलं नाही. शाळेच्या एका मोठ्या सामन्यात मुलाने मैदानाच्या मधल्या, पिचरच्या चौथऱ्यावरून वर पाहिलं, तर आईच्या शेजारची खुर्ची रिकामी. नंतर हे परदेशी कामांवर फिरू लागले आणि सगळं सोपं झालं. लॅपटॉप बंद केला की झालं. मुलगा आधी फोन करून विचारायचा, पाहिलंत का? हे हो म्हणायचे. हळूहळू त्याने विचारणं सोडलं.

"अलोन, आय क्लोज," ते म्हणाले. "इन युअर हाउस, आय कॅनॉट क्लोज."

खरं सांगते, मला त्यांची दया आली नाही, राग आला. लोकांना वाटतं पिचरला फक्त समोर बसलेल्या कॅचरचा ग्लव्ह दिसतो. साफ खोटं आहे. मैदानाच्या मधोमध एकटीने उभं राहिलं की आपलं माणूस कुठे बसलंय ते न बघताही समजतं, आणि ते उठून गेलं तर पाठ गार पडते. माझी आई यायची. तिला खेळातलं ओ का ठो कळत नव्हतं. मी बॉल टाकायला हात फिरवला की ती पदर डोळ्यांवर घ्यायची, पण जागची हलायची नाही. हे मी काकांना सांगितलं. "शी क्लोज्ड आइज. बट शी डिड नॉट गो." त्यांनी मान हलवली.

"उद्या जेवायलाच या," मी म्हटलं. जपानमध्ये संध्याकाळचे सहा म्हणजे आमच्याकडे दुपारचा एक. शुक्रवार होता, सुट्टीच होती.

आता माझ्या नवऱ्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा सगळा गोंधळ त्याचा आहे. तो देवगडचा. माणूस गुणी, पण टीव्हीवर क्रिकेट लागलं की त्याच्या अंगात येतं. त्याचा एक कायदा आहे: आपल्या बाजूने काही चांगलं घडलं, की त्या क्षणी घरात जो जिथे असेल त्याने तिथेच राहायचं. कोण बसलेलं, कोण उभं, कोण आंघोळीला गेलेलं, काही फरक पडत नाही. माझ्या धाकट्या दिराने एक अख्खी दुपार गॅलरीत कपडे वाळत घालायच्या दोरीखाली काढलेली आहे. या खुळाला मी कायम नावं ठेवत आलेय. घरात भांडण झालंच तर ते यावरून होतं.

शुक्रवारी काका एकच्या आधी आले. दुपारची नमाज नुकतीच आटोपली होती, खालच्या रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न चालू होते, आणि दार उघडताच बाहेरची झळ आत आली. लेकीने त्यांचा लॅपटॉप टीव्हीला जोडून दिला. मी सुरमई तळत होते. काका संकोची माणूस. हॉलमध्ये नवऱ्याशेजारी बसायच्या ऐवजी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. तिथून टीव्हीही दिसत होता आणि मीही. पडद्यावर त्यांचा मुलगा आला. उंच, खांदे जरा पुढे झुकलेले, चेहऱ्यावर काहीच नाही. घरचंच मैदान होतं, त्याची आई तिथे प्रेक्षकांत बसली होती.

पहिला खेळाडू बाद. दुसरा बाद. तिसऱ्याने हवेत बॅट फिरवली, बॉल कॅचरच्या ग्लव्हमध्ये. तीन बाद, म्हणजे समोरच्यांची इनिंग संपली.

"खलास!" नवरा ओरडला. "तिघे गेले! सर, डोंट मूव्ह!"

काका सोफ्याकडे यायला एक पाऊल टाकत होते, ते तिथेच थांबले.

"यू वेअर स्टँडिंग देअर. सो यू स्टँड देअर," नवऱ्याने हाताने जागा आखून दाखवली. "व्हेरी लकी. आमच्याकडे असंच असतं."

"अहो, काहीतरीच काय," मी आतून म्हटलं. "पाहुणे आहेत ते."

"तू गप. तूपण तिथेच राहा."

काकांनी मला हळूच विचारलं, "इंडियन कस्टम?"

"ओन्ली कोकण," मी म्हटलं.

त्यांनी ते पूर्ण गंभीरपणे घेतलं. पाय जुळवले, हात मागे बांधले आणि उभे राहिले. दुसऱ्या इनिंगनंतर लेक खुर्ची घेऊन आली. "बाबा, धिस इज सो रूड. ते ओल्ड आहेत."

"बसले की गेलं सगळं," नवरा म्हणाला.

"नो, नो," काका लेकीला म्हणाले. "आय रिस्पेक्ट." आणि खुर्ची त्यांनी स्वतः भिंतीला लावून ठेवली. मला हसू आवरेना आणि लाजही वाटत होती.

नवऱ्याला खेळाचा गंध नव्हता. सगळे बॉल टप्पा न पडता येतात म्हणून त्याने आधी नाकं मुरडली. "हे काय, फुलटॉसवरच संसार चाललाय." मग फलकावर एकामागून एक शून्यं लागायला लागली तेव्हा गोंधळून म्हणाला, "आपला पोरगा शून्यावर कसा काय इतक्या वेळा?" मी माशाचा तुकडा उलटवत समजावलं की ती शून्यं समोरच्यांची आहेत, आणि ती काकांचा मुलगा त्यांना देतोय. समोरच्यांना शेवटपर्यंत एकही रन करू द्यायचा नाही, आणि नऊच्या नऊ इनिंग एकट्याने टाकायच्या, याला शटआउट म्हणतात. तो शब्द ऐकताच काकांनी ओठांवर बोट ठेवलं. तो शब्द मध्येच उच्चारायचा नसतो, हे मी विसरलेच होते. आमच्या कॉलेजच्या टीममध्येही कुणी उच्चारत नसे.

"बघ!" नवरा मला म्हणाला. "त्यांच्यातपण आहे."

त्यानंतर नवरा आणि काका यांचं जे जमलं ते जमलंच. भाषा दोघांची धड नव्हती, पण काय करायचं नाही यावर दोघांचं एकमत होतं. चौथ्या इनिंगमध्ये काकांच्या मुलाच्या टीमने एक रन केला. तेवढाच. जेवणाची वेळ झाली, तेव्हा मी काकांच्या हातात ताट दिलं आणि ते उभ्यानेच जेवले. सुरमई त्यांना आवडली. सोलकढीचा रंग बघून जरा बिचकले, मग दोन वाट्या प्यायले. नवऱ्याने "बुफे, सर, बुफे," म्हणून स्वतःची समजूत काढली.

मधल्या इनिंगमध्ये मी त्यांच्या शेजारीच होते, ओट्याला टेकून. मुलगा काय टाकतोय ते आम्ही दोघं बोटांनी बोलत होतो. सरळ बॉल असला की दोन बोटं जुळलेली. फोर्कबॉल असला की पहिलं आणि मधलं बोट फाकवलेलं. तो बॅटपाशी येऊन अचानक खाली पडतो. मी हात खालून फिरवून टाकणारी, मला फोर्कबॉल कधी जमला नाही, पण बोटं मला वाचता येतात. मुलगा छान टाकत होता. त्यात वेगाचं काही नव्हतं. ऑपरेशननंतर वेग गेलाच होता. तो बॅट्समनला वाट बघायला लावत होता. मला ते बघताना फार बरं वाटलं. इतक्या वर्षांत हा खेळ मी कुणाच्या शेजारी उभं राहून बघितला नव्हता.

आठव्या इनिंगमध्ये काम बिघडलं.

पहिल्याने सणसणीत फटका मारला आणि पहिल्या बेसवर पोचला. दुसऱ्याने स्वतः बाद होऊन त्याला दुसऱ्या बेसवर ढकललं. तिसऱ्याला चार खराब बॉल पडले आणि तो चालत पहिल्या बेसवर गेला. चौथ्याने नुसती बॅट लावल्यासारखं केलं, बॉल गवतात रेंगाळला, आणि तिन्ही बेस भरले. एक जण बाद. आता एक रन झाला की बरोबरी, मुलाचं शून्य संपलं, आणि बहुतेक त्याला मैदानाबाहेरच काढतील. कोच चालत मधल्या चौथऱ्यावर आले. मुलाने टोपी काढून कपाळ पुसलं आणि वर पाहिलं, प्रेक्षकांकडे. अगदी क्षणभरच.

काकांनी हातातला पाण्याचा ग्लास ओट्यावर ठेवला. "फाइव्ह मिनिट्स," ते मला म्हणाले. "डाउन. आय कम बॅक." चेहरा पांढराफटक पडला होता. ते हॉल ओलांडून दाराशी पोचले, चपलांकडे वाकले.

नवरा अर्धवट उठला. मला वाटलं आता हा आडवा येणार. पण त्याने काकांचा चेहरा बघितला आणि त्याचा आवाजच बदलला. "जाऊ दे गं त्यांना," तो मला म्हणाला. "घाम फुटलाय बघ. काही झालं-बिलं तर? खेळ काय, खेळ आहे."

आणि मी, जिने लग्नापासून या खुळाला शिव्या घातल्या, धुवायला घेतलेला झारा हातात तसाच धरून हॉलमध्ये आले आणि म्हणाले, "नाही. जागा सोडायची नाही."

नवरा पुन्हा सोफ्यावर बसला.

"सर," मी म्हटलं. मी त्यांना कधी सर म्हणत नसे. "ही लुक्ड. जस्ट नाउ. ही लुक्ड फॉर यू." मला रडू येत होतं आणि मी ते लपवलं नाही. "तुम्ही तिथे नाही हे त्याला ठाऊक आहे, तरी बघितलं त्याने. पिचर बघतोच. प्लीज स्टँड देअर."

त्यातलं अर्धं मराठी होतं. त्यांना किती समजलं देव जाणे. पण त्यांनी चपला परत जागेवर ठेवल्या, नीट जोडीने, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले. चौकट दोन्ही हातांनी धरली. कोच परत गेले होते. मुलाला त्यांनी ठेवलं होतं.

पुढचा बॅट्समन चिवट होता. तीन बॉल खराब, दोन चांगले. आणखी एक खराब पडला असता तर रन आपोआप गेला असता, कुणी न मारता. अशा वेळी शहाणा पिचर सरळ बॉल टाकतो. कॅचरने खूण केली, मुलाने मान हलवली, नाही. दुसरी खूण, पुन्हा नाही. तिसऱ्या खुणेला तो थांबला आणि हो म्हणाला. माझ्या शेजारी काकांचा उजवा हात चौकटीवरून सुटला. पहिलं बोट आणि मधलं बोट हळूहळू फाकली.

बॉल आला, खाली पडला, बॅटच्या तळाला लागून जमिनीवर धावत गेला. एकाने उचलला, दुसऱ्या बेसवर टाकला, तिथून पहिल्या बेसवर. एका बॉलमध्ये दोघे बाद. इनिंग संपली, शून्यच राहिलं. नवऱ्याने सोफ्यावर उभं राहून काय आरडाओरडा केला ते मला आठवत नाही. मी काकांकडे बघत होते. त्यांचे डोळे उघडे होते. पूर्ण वेळ उघडे होते.

नववी इनिंग शांतपणे गेली. एक, दोन, आणि तिसऱ्याने मारलेला बॉल सरळ उंच चढला. कॅचरने मुखवटा भिरकावून दिला आणि बॉल डोक्यावर झेलला. एक विरुद्ध शून्य. मुलगा चौथऱ्यावर तसाच उभा होता, जणू कुणीतरी येऊन सांगायची वाट बघत होता. मग बाकीचे धावत आले.

"सर, यल्ला, चला, सिट! नाउ सिट!" नवऱ्याने खुर्ची ओढली. काका बसले आणि गुडघे चोळत हसले. मग त्यांनी उठून आम्हा दोघांसमोर कमरेत वाकून नमस्कार केला. काय करावं ते न सुचून नवरापण वाकला. दोघांची डोकी एकमेकांवर आपटता आपटता राहिली. मी चहा टाकला.

पुन्हा अजान होऊन गेली, उन्हं कलली, लेक अभ्यासाला गेली, तरी काका निघाले नाहीत. फोन समोर ठेवून बसले होते. मुलाचे मैदानावरचे सोपस्कार, मुलाखती आटोपून त्याचा फोन येईपर्यंत आमची दुसरी चहाची फेरी झाली होती. फोन वाजला तेव्हा ते दचकले. आम्ही उठून आत जायला निघालो, त्यांनी हाताने बसवलं.

मला जपानी येत नाही. पण सुरुवातीला मुलगाच थोडं बोलला आणि थांबला हे कळलं. त्याने काही विचारलं नाही. मग काका बोलायला लागले. सावकाश, एकेक वाक्य. फोन डाव्या कानाला, आणि उजवा हात मांडीवर. त्या हाताची बोटं हलत होती. दोन बोटं जुळलेली: पहिली इनिंग, सरळ बॉल, पहिला बॅट्समन. मग बाहेरून आत वळणारा. मग पुन्हा सरळ. ते पहिल्या बॉलपासून सांगत होते. मी नवऱ्याच्या दंडाला हात लावला आणि बोटांकडे खूण केली. त्याला समजलं नाही. तिसरी, चौथी, जेवण झालं ती पाचवी. मग आठवी. बोटं एकदा हलून नाही म्हणाली, दुसऱ्यांदा नाही म्हणाली, आणि मग फाकली.

पलीकडून काहीच आलं नाही. काका थांबले. "मोशिमोशी?" मग आपण सगळे इथे करतो तसंच, "हॅलो? हॅलो?" त्यांनी फोन कानापासून काढून स्क्रीनकडे पाहिलं. आमच्याकडे नेटवरचे कॉल कधीही तुटतात, त्यांना तेच वाटलं. घाबरून त्यांनी फोन माझ्याकडे दिला. "लाइन कट?"

मी कानाला लावला. लाइन तुटली नव्हती. एक मोठा, तिशीला आलेला पुरुष तिकडे तोंडावर हात दाबून रडत होता. श्वास तेवढा ऐकू येत होता.

मी फोन काकांच्या हातात परत दिला. "नॉट कट," मी म्हटलं. "ही इज देअर. यू टेल हिम नाइन्थ."